लायसन्स चार वर्षं झोपलं, मग?

फिजिओथेरपीची डिग्री एकदा मिळाली की आयुष्यभराची सोय झाली, असं आपण धरून चालतो. पण मध्ये ब्रेक पडला तर? परत ओपीडीत उभं राहताना कोणता देश काय विचारतो, आणि आपल्याकडे कोणी काही विचारतं का?

सप्टेंबर २०२५ मधले ते दोन दिवस आठवतात? ९ तारखेला केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाचं पत्र आलं की फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. १० तारखेला तेच पत्र मागे घेतलं गेलं. मधल्या चोवीस तासांत तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर काय काय फिरलं असेल, ते वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या नव्या अभ्यासक्रमात ‘डॉ.’चा उल्लेख होता, मग हे पत्र कसं, वगैरे. वाद खरा होता, आणि तो अजून पूर्ण मिटलेला नाही.

पण एक गोष्ट बघा. नावाआधी काय लावायचं यावर एवढी शाई सांडली. ते नाव कौन्सिलच्या रजिस्टरवर जिवंत ठेवायचं कसं, आणि मध्ये काही वर्षं काम थांबलं तर परत यायचं कसं, यावर मात्र कोणी बोललंच नाही. खरं तर तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ‘डॉ.’पेक्षा हा दुसरा प्रश्न आधी गाठणार आहे.

आपल्या बीपीटीच्या वर्गात एकदा नजर फिरवा. मुली किती आणि मुलगे किती? यातल्या किती जणी इंटर्नशिप संपल्यावर सलग तीस वर्षं काम करतील? लग्न, नवऱ्याची बदली, बाळंतपण, घरातल्या कोणाचं आजारपण. मुलग्यांचंही काही वेगळं नाही. कोणी एमपीएससीच्या तयारीला पुण्यात खोली घेऊन बसतो, कोणी एमबीएकडे वळतो, कोणाची स्वतःचीच पाठ जाते. हो, फिजिओंचीही पाठ जाते. दिवसाला वीस-पंचवीस पेशंट उचलून, वळवून, उभे करून बघा! ब्रेक पडणं अगदी नॉर्मल आहे. प्रश्न आहे तो ब्रेकच्या काळात तुमच्या लायसन्सचं काय होतं, आणि तुमच्या हातांचं काय होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि देशोदेशीचे नियम नेमके इथेच फसतात.

आधी अमेरिका, कारण ‘इनॅक्टिव्ह लायसन्स’ हा शब्द तिकडे रोजच्या वापरातला आहे. तिकडे फिजिकल थेरपिस्टचं लायसन्स देशाचं नसतं, राज्याचं असतं. परीक्षा एकच, एनपीटीई, पण लायसन्स प्रत्येक राज्याचं बोर्ड देतं आणि अटीही तेच ठरवतं. कॅलिफोर्निया घेऊ. तिथे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी फी आणि ३० तासांचं शिक्षण. त्या ३० तासांतले दोन तास नीतिनियम आणि कायद्याचे, चार तास जीवरक्षक उपचारांचे. म्हणजे सीपीआर वगैरे. बाकीचं तुम्ही निवडायचं.

आता समजा, तुम्हाला चार वर्षं काम करायचं नाही. तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत. पहिला, लायसन्स इनॅक्टिव्ह करून घ्यायचं. फी दर दोन वर्षांनी भरत राहायची, तीत खास सवलत नाही, पण ३० तासांची अट सुटते. नाव रजिस्टरवर राहतं. मात्र लायसन्स लागतं असं कोणतंही काम करायचं नाही. दुसरा रस्ता म्हणजे काहीच करायचं नाही. मेल येत राहतात, तुम्ही बाळाच्या गडबडीत असता, तारीख निघून जाते आणि लायसन्स एक्स्पायर होतं. बहुतेक लोक हा दुसरा रस्ता ‘निवडत’ नाहीत, ते त्यावर आपोआप जाऊन पडतात.

फरक परत येताना कळतो. इनॅक्टिव्ह लायसन्स जागं करायला एका नूतनीकरणाएवढे, म्हणजे ३० तास पूर्ण केल्याचा पुरावा पुरतो. एक्स्पायर झालेलं लायसन्सही पाच वर्षांपर्यंत थकलेली फी वगैरे भरून परत मिळवता येतं. पाच वर्षं उलटली की ते रद्द. मग नवा अर्ज, आणि त्या वेळी ज्या अटी असतील त्या सगळ्या. एका न उघडलेल्या मेलची किंमत एवढी असू शकते.

पण थांबा. यात एक विचित्र गोष्ट आहे, ती दिसली का? कोणी दहा वर्षं लायसन्स इनॅक्टिव्ह ठेवलं, फी वेळेवर भरली, दहा वर्षांत एकाही पेशंटला हात लावला नाही, तर परतताना लागतात ३० तास. त्यातले बरेचसे घरी लॅपटॉपसमोर बसूनही होतात. दुसरीकडे, सहा वर्षांपूर्वी एक तारीख चुकवलेल्या माणसाला नव्या अर्जापासून सुरुवात. कागद जपला त्याला बक्षीस आणि कागद विसरला त्याला शिक्षा. दोघांच्या हातांची अवस्था काय, हे या हिशेबात फारसं येतच नाही. अमेरिकेतली सगळीच राज्यं अशी नाहीत, काही ठिकाणी मोठ्या ब्रेकनंतर देखरेखीखाली काम करून दाखवावं लागतं. पण कॅलिफोर्नियासारखं मोठं राज्य असं वागतं, हे आपण लक्षात ठेवायला हवं. तिकडची प्रत्येक व्यवस्था उचलण्यासारखीच असते, असं नाही.

आणखी एक. तिकडे ३०हून जास्त राज्यांनी ‘पीटी कॉम्पॅक्ट’ नावाचा करार केला आहे. त्यामुळे एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यात काम करण्याची परवानगी सोप्या मार्गाने मिळते. २०१८ पासून अशा परवानग्या मिळू लागल्या. पण त्यासाठी आपल्या मूळ राज्याचं लायसन्स जागं, म्हणजे अॅक्टिव्ह लागतं. इनॅक्टिव्ह असेल तर ही सवलत गेली.

अमेरिकेचं एवढं पुराण का लावलं? कारण पुणे-मुंबई-नाशिकच्या बीपीटी कॉलेजांतून निघालेल्या कितीतरी जणी तिकडे जातात, आणि त्यातल्या अनेक जणी फिजिओ म्हणून नाही तर एच-१बीवाल्या इंजिनीयरची बायको म्हणून, एच-४ व्हिसावर जातात. इथे दोन सरकारं एकमेकांशी न बोलता तुमचं आयुष्य ठरवतात. लायसन्स राज्याचं बोर्ड देतं, काम करायची परवानगी केंद्र सरकार देतं. एक मिळालं म्हणून दुसरं मिळत नाही. एच-४वाल्यांना वर्क परमिट मिळण्याची सोय मे २०१५ मध्ये झाली, तीही फक्त ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका टप्प्याच्या पुढे गेलंय त्यांच्यासाठी. त्यातही ३० ऑक्टोबर २०२५ पासून नियम बदलला. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला तर जुनं परमिट आपोआप ५४० दिवसांपर्यंत चालू राहायचं, ती सोय काढून टाकली. म्हणजे आज नीट नोकरी करणारी फिजिओसुद्धा, फाईल कुठेतरी अडकली म्हणून, उद्या घरी बसू शकते. तिचं लायसन्स ठणठणीत आणि हात बांधलेले!

गंमत अशी की हाच देश फिजिकल थेरपिस्टना ‘शेड्यूल ए’ या यादीत ठेवतो. म्हणजे आमच्याकडे या व्यवसायाची माणसं कमी आहेत, असं तिथल्या श्रमखात्यानेच मान्य केलंय. परिचारिका आणि फिजिकल थेरपिस्ट हे त्या यादीतले पहिल्या गटातले. माणसं हवीत, पण आलेली माणसं बसून आहेत.

अशा मुलीला लायसन्स इनॅक्टिव्ह ठेवणं ही सोय वाटते आणि ती आहेच. पण आपलं बीपीटीचं शिक्षण तिकडच्या डीपीटीशी जुळवून घेताना अनेकदा विषय आणि क्रेडिट कमी भरतात, ते भरायचे, पडताळणी करायची, इंग्रजीची परीक्षा, मग एनपीटीई. एवढं करून मिळवलेली गोष्ट एका तारखेपायी घालवू नका, इतकंच म्हणणं आहे.

आता इंग्लंड. तिकडचं डोकं वेगळ्या दिशेने चालतं. फिजिओथेरपिस्टचं रजिस्टर एचसीपीसी ही संस्था ठेवते. दर दोन वर्षांनी नूतनीकरण, आणि फिजिओंची तारीख समवर्षाच्या एप्रिलअखेर पडते. तिथे इनॅक्टिव्ह असा निवांत कप्पा नाही. तुम्ही रजिस्टरवर आहात किंवा नाही. नसाल तर ‘फिजिओथेरपिस्ट’ ही पदवीसुद्धा लावता येत नाही, कायद्याने तो शब्द राखीव आहे. (आपल्याकडे ‘डॉ.’वर भांडण आणि तिकडे ‘फिजिओथेरपिस्ट’ या शब्दालाच कुलूप. कोणती ओळख जास्त पक्की, तुम्हीच ठरवा.)

परत यायचं असेल तर एचसीपीसी कागदाऐवजी कॅलेंडर बघते. किती वर्षं काम थांबलं होतं? दोन वर्षांच्या आत असेल तर वेगळी अट नाही. दोन ते पाच वर्षं असेल तर ३० दिवसांची उजळणी. पाचपेक्षा जास्त, तर ६० दिवस. एक दिवस म्हणजे सात तास धरतात. हे दिवस तीन प्रकारे भरता येतात, कोणाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, एखादा औपचारिक कोर्स आणि स्वतःचा अभ्यास. नुसता स्वतःचा अभ्यास दाखवून सगळे दिवस भरता येत नाहीत.

कागदावर हे कॅलिफोर्नियापेक्षा कितीतरी शहाणपणाचं आहे. २१० तास किंवा ४२० तास, आणि ते ब्रेकच्या लांबीनुसार. पण खरा त्रास पुढे सुरू होतो. देखरेख करणारा माणूस शोधायचा कोणी? तुम्ही. एचसीपीसी जागा मिळवून देत नाही. पाच वर्षं घरी असलेल्या बाईने आठ-दहा हॉस्पिटलांना मेल टाकायचे, मला तुमच्याकडे येऊन शिकू द्या, आणि बहुतेक वेळा हे पगाराशिवाय. घरी लहान मूल असेल तर ते कोणाकडे ठेवायचं, त्याचे पैसे वेगळे. इंग्लंडमध्ये आरोग्ययंत्रणेने परतणाऱ्यांना खर्चासाठी थोडी मदत देण्याच्या योजना चालवल्या, कारण नुसता नियम करून माणसं परत येत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं.

नियम वाकवताही येतात, हेही तिथेच दिसलं. मार्च २०२० मध्ये कोविड आल्यावर एचसीपीसीने एक तात्पुरतं रजिस्टर उघडलं. गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेल्यांना आणि शेवटच्या टप्प्यातल्या विद्यार्थ्यांना त्यावर घेतलं. ज्यांना एरवी ३० दिवस भरायला सांगितले असते, ते एका रात्रीत ‘लागणारी माणसं’ झाले.

ऑस्ट्रेलियाबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याला फार लागू आहे. तिथे ‘नॉन-प्रॅक्टिसिंग’ असं रजिस्ट्रेशन मिळतं. पण ‘प्रॅक्टिस’ची त्यांची व्याख्या रुंद आहे, तुमचं व्यावसायिक ज्ञान वापरून केलेलं काम, मग पैसे मिळोत न मिळोत. आता विचार करा. सोसायटीतल्या जोशीकाकूंचा गुडघा, मामाचा फ्रोझन शोल्डर, ‘अगं, तू शिकलीयस ना, जरा सांग की काय करू.’ आपल्याकडे याला आपण प्रॅक्टिस मानतच नाही, ती आपुलकी असते. तिकडे हाच सल्ला अडचणीत आणू शकतो.

‘पण शरीर तर तेच आहे ना? गुडघा पाच वर्षांत बदलतो का?’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर रास्त आहे. गुडघा बदलत नाही. गुडघ्याचं काय करायचं ते बदलतं.

पाय मुरगळला की बर्फ, दाब, पाय वर, विश्रांती, हे आपल्याला शाळेच्या एनसीसी कॅम्पपासून माहीत असतं. हे सूत्र १९७८ साली अमेरिकेतले डॉक्टर गेब मिरकिन यांनी लोकप्रिय केलं. २०१४ मध्ये त्याच मिरकिन यांनी सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं उलट लांबू शकतं. २०१९ पर्यंत क्रीडावैद्यकाच्या ब्रिटिश नियतकालिकातून नवं सूत्र पुढे आलं, त्यात बर्फाचा उल्लेखच नाही आणि लवकर भार टाकायला, हालचाल करायला सांगितलंय. पक्षाघाताच्या पेशंटला जितक्या लवकर आणि जितकं जास्त उठवाल तितकं चांगलं, असा एक समज होता. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘अॅव्हर्ट’ हा मोठा अभ्यास आला, दोन हजारांहून जास्त पेशंट घेऊन केलेला. पहिल्या चोवीस तासांत फार जोरात केलेल्या हालचालींनी निकाल सुधारला नाही, उलट जरा बिघडला. आणि कंबरदुखीसाठी अल्ट्रासाऊंड, टेन्स, आयएफटी देऊ नका, असं इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्येच सांगून टाकलं. आता तुमच्या जवळच्या क्लिनिकमध्ये जाऊन बघा, पडद्यामागे कोणती मशीन चालू आहेत!

तेव्हा २०१४ मध्ये थांबलेली आणि २०२० मध्ये परतलेली फिजिओ ज्या ज्ञानावर काम करेल, त्यातलं काही पेशंटला निरुपयोगी आणि काही थोडं धोक्याचंही असू शकतं. तिचा दोष काहीच नाही. ती घरी होती आणि विषय पुढे गेला. अर्थात, ब्रेक न घेता तीच मशीन पंधरा वर्षं चालवणाऱ्याला कोणी ३० दिवस भरायला सांगत नाही, हेही खरंच.

आता आपल्या घरात येऊ. देशातलं पहिलं फिजिओथेरपी स्कूल मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये निघालं, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. राज्याचा ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेचा कायदा २००२ चा, आणि तो पुस्तकात आला २००४ मध्ये. म्हणजे व्यवसाय आधी आला आणि रजिस्टर जवळपास अर्ध्या शतकाने. २०२१ मध्ये केंद्राने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला. फिजिओथेरपीसकट दहा गटांतल्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा, केंद्रीय आणि राज्य नोंदवह्या, असं त्याचं स्वरूप आहे. राज्यं हललीच नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की दोन महिन्यांत अंमलबजावणी करा. तुम्ही शिकत असताना, तुमच्या डोळ्यांसमोर हे रजिस्टर नव्याने बांधलं जातंय.

आपल्याकडे ब्रेकची चर्चा होते ती नूतनीकरणाची तारीख, लेट फी आणि क्रेडिट पॉइंट एवढ्यापुरती. वीकेंडला एखादी कॉन्फरन्स, मागच्या रांगेत बसून जेवणाची वाट बघायची, सर्टिफिकेट घ्यायचं. हे मी खवचटपणे म्हणतोय, मान्य. चांगल्या कार्यशाळाही होतात. पण सहा वर्षांनी परतणाऱ्या मुलीला हॉलमध्ये बसवून काय मिळणार? तिला हवा असतो एक सीनियर. तो तिच्या शेजारी उभा राहील, तिने तपासलेला पेशंट स्वतः पुन्हा तपासेल आणि म्हणेल, ‘बरोबर आहे, पण आता आपण असं करत नाही.’ ते तीस-चाळीस दिवस आपल्या व्यवस्थेत कुठे आहेत?

खरं म्हणजे जागा आहेत. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी जोडलेल्या प्रत्येक फिजिओथेरपी कॉलेजला ओपीडी आहे, इंटर्न आहेत, त्यांना शिकवणारे आहेत. इंटर्नच्या बॅचबरोबर दोन परतणाऱ्या ताया उभ्या राहिल्या तर आभाळ कोसळणार नाही. अडचणी वेगळ्याच आहेत. तिची चूक झाली तर जबाबदार कोण, तिच्या कागदावर सही कोण करणार, आणि ती सही कोणती परिषद मानणार? फी तिने द्यायची की कॉलेजने तिला काही द्यायचं? नियम लिहिले जात असताना हे विचारलं तर उत्तर मिळण्याची शक्यता आहे. छापून झाल्यावर दुरुस्तीला किती वर्षं लागतात, ते आपल्याला माहीत आहेच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, रजिस्ट्रेशनला कॉलेजचा नाही, स्वतःचा कायमचा ईमेल द्या. लग्नानंतर नाव, पत्ता, नंबर बदलला तर पहिल्या महिन्यात कौन्सिलला कळवा. नूतनीकरणाची तारीख आईच्या फोनमध्येही टाकून ठेवा. परदेशी जाणार असाल तर इथलं रजिस्ट्रेशन ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडू नका. तिकडची बोर्डं इथल्या कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचं पत्र मागतात, आणि मेलेल्या रजिस्ट्रेशनवर ते पत्र काढायला किती खेटे घालावे लागतात, हे एखाद्या सीनियरला विचारून बघा. ब्रेक घ्यायच्या आधी, गेल्या वर्षभरात कोणत्या प्रकारचे पेशंट बघितले, किती, कोणाच्या हाताखाली, हे सही-शिक्क्यासकट लिहून घ्या. पाच वर्षांनी ती हॉस्पिटलं असतील, तिथली माणसं असतीलच असं नाही. इंटर्नशिपचं लॉगबुक तर अजिबात रद्दीत देऊ नका, घर बदलताना पहिली रद्दी तीच निघते.

आणि तुमच्या कॉलेजात यंदा परिषदेचं कोणी पाहुणं म्हणून आलं, तर ‘डॉ.’चा प्रश्न कोणीतरी विचारणारच आहे. तुम्ही दुसरा विचारा, सर, पाच वर्षांनी परत आले तर माझ्या शेजारी उभं कोण राहणार?